मिस्टर कॉलिनची हॉटेलं

बदरुद्दीन परकारला कुणी सल्ला विचारला की त्याची गाडी आपोआप सावकाश चालायला लागायची. सौदीत हाइलच्या रस्त्यावर कुठल्या पंपाशी थांबून डबा उघडावा, हुफूफचा खजूर कुणाकडून घ्यावा, कुठल्या डॉक्टरची सुई दुखत नाही, सगळं त्याला ठाऊक. दाभोळला खाडीच्या काठी त्याच्या बापाचं किराणा मालाचं दुकान होतं. पायरी चढणारं गिऱ्हाईक घेणार आहे की नुसतंच हाताळणार आहे, हे ओळखायला तो नाकाला शेंबूड असल्यापासून शिकला होता. पुढे दुकान बुडालं, पण हे शिक्षण त्याच्यापाशी राहिलं.

दुकान बुडायचं एक कारण त्याची आई, हलीमाबी. बापाने चार पैसे सुटतील म्हणून दुकानात लॉटरीची तिकिटं ठेवली होती आणि ती खपतही होती. एक दिवस हलीमाबीने दोरीवरची सगळी तिकिटं उतरवली, चुलीत घातली आणि त्याच चुलीवर दुपारची भाकरी भाजली. नवऱ्याला म्हणाली, जुगाराचा पैसा पुढच्या दाराने आला की बरकत मागच्या दाराने जाते. बरकत राहिली की नाही कोण जाणे, गिऱ्हाईक मात्र समोरच्या दुकानात गेलं. बाप जन्मभर कुरकुरला, पण तिकिटं काही परत आली नाहीत.

अशा आईचा हा मुलगा सव्वीस वर्षांपूर्वी ड्रायव्हर म्हणून सौदीत आला आणि ड्रायव्हरच राहिला. कफील, म्हणजे तिथले मालक, बदलले, गाड्या बदलल्या. सध्या तो एका ठेकेदार कंपनीत होता. सकाळी साहेब लोकांना कंपाऊंडमधून उचलून धाहरानच्या ऑफिसात सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. एवढ्या वर्षांत घराला स्लॅब पडला, मुलीचं, तबस्सुमचं, लग्न झालं, बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. राहिली होती एकच गोष्ट, आईचा उमरा, हजपेक्षा छोटी अशी मक्केची यात्रा. तो स्वतः सात वेळा मक्केला जाऊन आला, आणि सातही वेळा आईने फोनवर एकच विचारलं, "माजी पाळी कदी रं?" आता तिला शहात्तरावं लागलं होतं, गुडघे गेले होते. तिची अट तेवढी जागच्या जागी होती. ती म्हणायची, अल्लाच्या घरी जायचं तर तिकिटापासून पाण्यापर्यंत एकेक पैसा हलालचा, कष्टाचा पाहिजे, नाहीतर घरी बसून तसबीहची माळ ओढलेली बरी.

या सगळ्यात मिस्टर कॉलिन आला कुठून, ते सांगतो.

कॉलिन हा इंग्लंडातल्या शेफील्डचा, अठ्ठावन्न वर्षांचा, पंपांच्या यंत्रांचा जाणकार. बाकीचे साहेब गाडीत मागे बसायचे आणि ड्रायव्हरच्या मानेशी बोलायचे. कॉलिन पहिल्याच दिवशी पुढचं दार उघडून शेजारी बसला. वाटेत 'करक' नावाच्या तिथल्या दाट चहाच्या टपरीवर स्वतः उतरून दोन कप आणले. दुसऱ्या आठवड्यात त्याला हलीमाबीचं नाव पाठ होतं आणि तिच्या गुडघ्यांची चौकशी तो रोज करायचा. बदरुद्दीन माणसांवर चटकन भाळणारा नव्हता. पण सव्वीस वर्षांत एका गोऱ्या साहेबाने आईच्या गुडघ्यांबद्दल विचारलं नव्हतं, आणि तो भाळला. त्यात त्याची काही चूक होती असं मला वाटत नाही.

साधारण वर्षापूर्वी एका सकाळी कॉलिनने मोबाईल पुढे धरला. "बदर, तू दुकानदाराचा मुलगा. मला मदत कर. सुट्टीत बायकोला घेऊन जायला हॉटेल शोधतोय. ही दोन आहेत, कुठलं घेऊ?"

पडद्यावर एकीकडे ताडाची झाडं आणि सोनेरी अक्षरं, दुसरीकडे निळं पाणी आणि चंदेरी अक्षरं. नावंही हॉटेलांना शोभतील अशीच. बदरुद्दीनचं इंग्रजी रस्ता विचारण्यापुरतं. बारीक अक्षरं त्याला लागत नसत, आणि डोळे रस्त्यावर ठेवायचे असत. त्याने विचारलं, "फरक काय?"

"सोनेरीवाला दारात मोठं स्वागत करतो. दोन रात्री फुकट. पण मग पस्तीस रात्री राहिल्याशिवाय बाहेर सोडत नाही. चंदेरीवाला फुकट काहीच देत नाही. निघायचं म्हटलं की त्याच दिवशी हिशेब करून जाऊ देतो."

बदरुद्दीन मोकळेपणाने हसला. "मिस्टर कॉलिन, पस्तीस रात्री सोडत नाही, ते हॉटेल नाही, जेल आहे. जो दारातच हार घालतो, त्याचा माल आधी बघावा. माणूस आत कसा घेतात हे बघू नका. बाहेर कसा सोडतात ते बघा."

कॉलिन क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने मांडीवर थाप मारली आणि म्हणाला, "यल्ला बदर, चंदेरी."

तेव्हापासून हा रोजचाच उद्योग झाला. चहा घ्यायचा आणि हॉटेलं बघायची. कॉलिन विचारायचा, बदरुद्दीन बापाचं दुकान आठवून उत्तर द्यायचा. एकदा कॉलिन म्हणाला, एक हॉटेल आत घेताना काहीच विचारत नाही आणि निघताना पासपोर्ट, घराचं वीजबिल, सगळं मागतं. बदरुद्दीन म्हणाला, "कागद आधी बघतो तो सरळ माणूस. पैसे घेऊन झाल्यावर कागद बघतो त्याला पैसे परत द्यायचे नाहीत." एकदा त्याने आपण होऊन विचारलं, "बाहेर सरकारी पाटी आहे का?" कॉलिन जरा थांबला. मग म्हणाला, "आहे. कुठल्या तरी लहानशा बेटाची." बदरुद्दीनला ते पटलं नाही. "तुमच्या देशाची पाटी असलेली हॉटेलं संपली काय?" त्यावर कॉलिनने खिडकीबाहेर बघितलं आणि आज वारा फार आहे, असं काहीतरी म्हणाला.

एखाद्याला प्रश्न पडला असता की हा माणूस वर्षभर हॉटेलंच शोधतोय, तर बायकोला नेतो कधी. बदरुद्दीनलाही एकदोनदा पडला. पण गोऱ्यांचं सुट्टीचं वेड त्याने पाहिलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर आपला सल्ला रोज कुणीतरी मागतोय याचं त्याला सुख होतं. सुखात असलेला माणूस उलटतपासणी घेत नाही.

यंदा हलीमाबीचा व्हिसा आला. ती दम्मामला उतरली आणि बदरुद्दीनचा चुलतभाऊ इब्राहीम जवळच थुकब्यात बायकोमुलांसह राहायचा, त्याच्याकडे राहिली. बदरुद्दीनच्या मनात होतं, बसने हळूहळू जाऊ. पंधरा-सोळा तासांचा प्रवास आणि तिचे ते गुडघे. तो रोज मनात बस थांबवायचा आणि तिला उतरवून चढवायचा. हे त्याने बोलता बोलता कॉलिनला सांगितलं.

चार दिवसांनी कॉलिनने एक पाकीट त्याच्या हातात ठेवलं. दोघांची विमानाची तिकिटं, जेद्द्यात उतरल्यावर गाडी, आणि मक्केत हरमच्या, म्हणजे काब्याभोवतीच्या मशिदीच्या, समोरच्या हॉटेलात तीन रात्री. खिडकीतून काबा दिसतो म्हणे. शनिवारी संध्याकाळी निघायचं. "तुझ्या सल्ल्याने माझं फार भलं झालंय," कॉलिन म्हणाला. "हा तुझा वाटा. नाही म्हणू नकोस."

बदरुद्दीनने गाडी बाजूला घेतली. पाकीट हातात धरलं, पण उघडलं नाही. एवढ्या मोठ्या भेटीसमोर प्रश्न विचारणं उद्धटपणाचं दिसतं हे त्याला कळत होतं. तरी त्याने विचारलं, कारण आईने त्याला विचारलंच असतं.

"मिस्टर कॉलिन, वाईट वाटून घेऊ नका. हे आईच्या उमऱ्यासाठी आहे. तिथे कुठलाही पैसा चालत नाही. हा पैसा तुमच्या पगाराचाच ना? मेहनतीचा?"

कॉलिनने उजवा हात छातीवर ठेवला, इथले लोक ठेवतात तसा. "बदर, माझ्या घामाचा पैसा आहे."

त्या संध्याकाळी बदरुद्दीनने आईला पाकीट दाखवलं. तिनेही तोच प्रश्न विचारला आणि त्याने छातीवर हात ठेवून तेच उत्तर दिलं. हलीमाबी रडली. मग तिने दाभोळला फोन लावला आणि अख्ख्या मोहल्ल्याला सांगितलं की एका फिरंग्याच्या हातून अल्लाने बोलावणं धाडलंय.

बुधवारी सकाळी कॉलिन जुबैलला गेला होता. गाडीत एकटा इंद्रनील होता, पुण्याचा तरुण इंजिनिअर. मराठी बोलायला मिळतं म्हणून तो बदरुद्दीनच्या गाडीत खुशीने बसायचा.

"बदरुद्दीनभाई, एक विचारू का? तुम्ही नेमकं काय बघून सांगता हो कॉलिनसाहेबांना?"

"काय बघायचं त्यात? बापाचं दुकान होतं माझ्या."

"नाही, पण कमाल आहे. मागच्या महिन्यात त्यांना केवढं मोठं लागलं. आणि दुसऱ्याच दिवशी पैसे हातात. ते म्हणतात, बदरने निवडलेला कॅसिनो कधी बुडवत नाही."

बदरुद्दीन म्हणाला, "हॉटेल."

"हॉटेल कसलं?"

इंद्रनील स्वभावाने वाईट नव्हता. त्याच्या लक्षात आलं की आपण उचलली जीभ लावली टाळ्याला. पण तोंडातून गेलेलं परत घेता येत नव्हतं. बदरुद्दीनने गाडी टपरीजवळ उभी केली, काचा वर केल्या आणि म्हणाला, "साहेब, आता सगळं सांगा."

इंद्रनीलने आवाज खाली आणून सांगितलं. कॉलिन मोबाईलवर जुगार खेळतो, वर्षानुवर्षं. त्याच्या देशात म्हणे अशी सोय आहे की माणूस स्वतःच नाव नोंदवतो, मला आत घेऊ नका म्हणून, आणि मग तिथल्या परवान्याचा एकही कॅसिनो त्याला घेत नाही. बायकोने हातापाया पडून त्याच्याकडून ते नाव नोंदवून घेतलं होतं. म्हणून आता तो परदेशातल्या बेटांवरचे कॅसिनो शोधतो. तिथे खेळायला सगळेच घेतात; जिंकल्यावर पैसे कोण देतो, हाच काय तो प्रश्न. दोन रात्री फुकट म्हणजे खेळायला फुकट दिलेले पैसे, आणि पस्तीस रात्री म्हणजे ते पस्तीस वेळा डावावर लावल्याशिवाय काढता न येणं.

"आणि हे तुम्हाला कसं माहीत?"

"जेवताना सांगतात ते, आमच्या टेबलावर." इंद्रनील चाचरला. "म्हणतात, माझा ड्रायव्हर पाच वेळा नमाज पढतो, पत्त्याला हात लावत नाही, आणि जुगाराचा अड्डा त्याच्याइतका अचूक कुणी निवडत नाही. मग सगळे हसतात."

"तुम्ही पण हसलात?"

इंद्रनीलने मोबाईल काढून उगाचच चाळला. बदरुद्दीनने गाडी सुरू केली.

त्याला सर्वांत आधी राग आला तो स्वतःच्या अकलेचा. बापाच्या दुकानातलं गिऱ्हाईक पायरीवर ओळखणारा हा शहाणा, आणि शेजारच्या सीटवरचा माणूस त्याला वर्षभर ओळखता आला नाही. मग एकेक सकाळ आठवायला लागली. पाटी आहे का, असं त्याने विचारलं होतं. बाहेर कसा सोडतात ते बघा, असं तो म्हणाला होता, आणि त्या शब्दांवर त्या माणसाने डाव लावले होते. ज्या आईने लॉटरीची तिकिटं चुलीत घातली, तिच्या मुलाने वर्षभर जुगाऱ्याची वाटाड्यागिरी केली आणि त्याच्या बक्षिसातून तिला अल्लाच्या दारात उभी करायला निघाला. गोड बोलून केसाने गळा कापणं म्हणतात, ते त्याने आजवर नुसतं ऐकलं होतं.

संध्याकाळी कॉलिन नेहमीसारखा पुढे येऊन बसला. बदरुद्दीनने इंजिन चालू केलं नाही. "मिस्टर कॉलिन, हॉटेल की कॅसिनो?"

कॉलिन दचकला, पण थोडाच. "कुणी सांगितलं? बरं, जाऊ दे. बदर, तुला खरं सांगितलं असतं तर तू सल्ला दिला असतास?"

"नाही."

"मग?" कॉलिनने हात पसरले. त्याच्या मते इथे विषय संपला होता.

"मी विचारलं होतं. पैसा मेहनतीचा का. तुम्ही हात इथे ठेवला." बदरुद्दीनने स्वतःच्या छातीवर बोट टेकवलं.

"अरे, वर्षभर रात्रंदिवस डोकं घालतो मी त्यात. ती मेहनत नाही तर काय आहे? आणि तिकीट हे तिकीट असतं. विमान विचारत नाही पैसा कुठला."

"विमान नाही विचारत. ती विचारते."

त्याने पाकीट कॉलिनच्या मांडीवर ठेवलं. कॉलिनचा चेहरा उतरला, पण शरमेने उतरला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. तो दुखावला होता. "मी माझ्या बायकोला इतकी मोठी भेट कधी दिलेली नाही," तो म्हणाला, "आणि तू ती तोंडावर फेकतोस?" बदरुद्दीनने इंजिन चालू केलं. गुरुवारी सकाळी कॉलिन गाडीकडे आला आणि मागचं दार उघडून बसला.

आईला काय सांगायचं, हा प्रश्न उरला. खरं सांगितलं तर ती म्हणणार, तू मला छातीवर हात ठेवून हलाल सांगितलंस. शिवाय तिने अख्ख्या मोहल्ल्यात फोन केले होते. बदरुद्दीनने सोपा रस्ता धरला. म्हणाला, "अम्मा, विमान रद्द झालं. दुसरी सगळी भरलीत. बसने जावं लागेल."

हलीमाबी म्हणाली, "मग बसनं जाव. माजा सासरा बोटीनं हजला गेलेला, उलट्या करत." एवढं बोलून ती पुन्हा फोनकडे वळली.

कारण तिचं एक मोठं काम चाललं होतं. दाभोळकडची जुनी माणसं हजला किंवा उमऱ्याला निघाली की आधी सगळ्यांकडून कहासुना माफ करून घेतात. बोलण्याचालण्यात काही कमीजास्त झालं असेल तर मला माफ कर, मी तुला माफ केलं, असं दोन्ही बाजूंनी म्हणायचं आणि मन रिकामं करून निघायचं. हलीमाबीने यादीच केली होती. जावा, नणंदा, मासे विकायला येणारी बाई, ज्याच्याशी कुंपणावरून वीस वर्षं अबोला होता तो शेजारीसुद्धा. शेजाऱ्याने माफ केलं, पण कुंपण मात्र माझ्याच हद्दीत आहे असं पुढे जोडलं. तिने त्यालाही हो म्हटलं.

शनिवारी दुपारी इब्राहीम दोघांना दम्मामच्या बसस्टँडवर सोडायला निघाला. गाडीत बसल्यावर हलीमाबी म्हणाली, "आदी त्या सायबाच्या घरी."

"कशाला अम्मा? उशीर होईल."

"ज्यानं तिकीट दिलं, त्याचा कहासुना माफ केल्याबिगर मी जाव? विमान रद झालं, ती त्याची चूक नाय."

बदरुद्दीनने दोन-तीन कारणं काढली. तिने ती ऐकून घेतली आणि पुन्हा तेच म्हणाली. शेवटी गाडी कंपाऊंडकडे वळली. फाटकावरचा पहारेकरी बदरुद्दीनला ओळखत होता.

कॉलिनने दार उघडलं तेव्हा तो अर्ध्या चड्डीत होता आणि हातात मोबाईल होता. समोर बदरुद्दीनच्या हाताला धरून उभी असलेली म्हातारी बघून तो गडबडला. त्याने खुर्ची आणली, रस आणला, मोबाईल खिशात घातला. हलीमाबीने काजूची पिशवी त्याच्या हातात दिली आणि बोलायला लागली. "सायबा, तू माज्या पोराला जीव लावलास. माज्या गुडग्यांची विचारपूस केलीस. माज्याकडनं, माज्या पोराकडनं काय बोलण्यात-चालण्यात चुकलं असंल तर माफ कर. कुणाचं मनात ठिवून मला थय जाव येत नाय."

मग ती मुलाकडे वळली. "सांग त्याला."

आणि बदरुद्दीनने सांगितलं. आपल्याला फसवणाऱ्या माणसाकडे, आपल्या आईच्या वतीने, मोडक्या इंग्रजीत, त्याने स्वतःसाठी माफी मागितली. एकही शब्द गाळला नाही. गुडघेसुद्धा सांगितले.

कॉलिनचे डोळे भरून आले, आणि ते पाणी खोटं नव्हतं. "तिला सांग, माफ करण्यासारखं काही नाहीच. सांग की तुझ्याइतका प्रामाणिक माणूस मी पाहिलेला नाही."

"माफ केलं म्हणतो," बदरुद्दीन आईला म्हणाला. पुढचं त्याच्याने सांगवलं नाही.

"आता तू म्हण," हलीमाबी म्हणाली. "दोनी बाजूंनी व्हायला पायजे. तू पण त्याला माफ केलंस म्हण, मग निगू."

बदरुद्दीनने खाली बघितलं. इब्राहीमने बाहेर हॉर्न वाजवला. अखेर तो कॉलिनला म्हणाला, "मिस्टर कॉलिन, आई म्हणते, मी पण तुम्हाला माफ करायचं."

कॉलिनने भुवया उंचावल्या. त्याला खरंच कळलं नव्हतं. "कशाबद्दल?" त्याने विचारलं.

एवढंच विचारलं त्याने. चेष्टा नव्हती, तोरा नव्हता. ओशाळून मान खाली घातली असती तरी बदरुद्दीनने तिथल्या तिथे सगळं सोडून दिलं असतं. तीन दिवस तो त्यासाठीच तर झुरत होता. पण या माणसाला आपण काही केलं आहे हेच ठाऊक नव्हतं. ज्याच्या शेजारी बसून वर्षभर चहा प्यायला, त्याचं काय मोडलं हे विचारायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"काय म्हणतो?" हलीमाबीने विचारलं.

"विचारतो, कशाबद्दल."

हलीमाबीने आधी साहेबाकडे बघितलं आणि मग मुलाकडे बराच वेळ बघितलं. मग खुर्चीच्या हाताला धरून उठली. "चल, बस चुकंल," ती म्हणाली.

बस दम्मामच्या बाहेर पडली आणि दोन्ही बाजूंना सपाट वाळू सुरू झाली. हलीमाबीने पाय समोरच्या पिशवीवर ठेवले, गुडघ्यांवर शाल ओढली आणि खिडकीबाहेर बघत विचारलं, "विमान रद झालेलं नाय ना?"

"नाय," बदरुद्दीन म्हणाला. मग म्हणाला, "अम्मा, माफ कर."

"कशाबद्दल, ते आदी तोंडानं सांग."

त्याने सांगितलं. हॉटेलं, पस्तीस रात्री, बेटाची पाटी, ऑफिसातलं हसणं, छातीवर ठेवलेला हात. सांगता सांगता त्याचा आवाज चढला. पुढच्या सीटवरच्या पाकिस्तानी म्हाताऱ्याने वळून बघितलं. आई आता कॉलिनला शिव्याशाप देईल, निदान आपल्या बाजूने एक कडक शब्द बोलेल, असं त्याला वाटत होतं. सव्वीस वर्षांत त्याला आईच्या एका शब्दाची एवढी गरज कधी वाटली नव्हती.

ती म्हणाली, "तो तुज्याशी खोटं बोलला, म्हणून तुला तीन दिस अन्न गोड लागत नाय. तू माज्याशी बोललास, त्याला पण तेवढेच दिस झाले."

"तुला वाईट वाटू नये म्हणून बोललो मी."

"तो पण तेच म्हणत असंल."

मग रियाध येईपर्यंत ती तसबीह ओढत बसली. रियाधच्या स्टँडवर त्याने तिला हाताला धरून खाली उतरवलं, चहा आणून दिला, गुडघ्यांना तेल लावलं. तेव्हा तिने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "मी माफ केलं. मनापासून. आता त्याचं तुज्या मनात हाय, ते मीकातच्या आदी काढ. तसाच आत येव नको."

मीकात म्हणजे मक्केच्या वाटेवरची ती हद्द, जिच्या पुढे एहराम बांधल्याशिवाय उमऱ्याला जाता येत नाही. एहराम अंगावर असेपर्यंत भांडण, खोटं, सगळं वर्ज्य. तैफच्या अलीकडे बस तिथे थांबली तेव्हा ऊन नुकतंच वर आलं होतं. बदरुद्दीनने अंघोळ केली, एहरामची ती दोन पांढरी, न शिवलेली वस्त्रं अंगावर घेतली आणि भिंतीशी उभा राहिला. ओठांनी त्याने तीन वेळा म्हटलं, मिस्टर कॉलिन, माफ केलं. तिन्ही वेळा मनातून तोच प्रश्न उलट आला, कशाबद्दल, आणि तिन्ही वेळा त्याच्या छातीत तीच आग पेटली. त्या माणसाने त्याच्यापाशी एवढंही शिल्लक ठेवलं नव्हतं की त्याला माफ करता यावं.

बाहेर हलीमाबी व्हीलचेअरवर त्याची वाट बघत होती. तिचा चेहरा धुतलेला होता आणि ती फार आनंदात होती.

"काढलंस मनातनं?" तिने विचारलं.

"काढलं," तो म्हणाला.

त्या आठवड्यात तो आईशी जाणूनबुजून बोललेलं हे दुसरं खोटं, आणि हे तो एहराम अंगावर घेऊन बोलला.